तक्रार नोंदणी ॲप: डीबग टूलबार बसवतानाच्या नोंदी

२ जून

तक्रारींच्या यादीचं पान जड झालंय, यावर आता सगळ्यांचं एकमत आहे. का जड झालंय, यावर मात्र कोणाचंच कोणाशी पटत नाही. एकाच्या मते डेटाबेस कमी पडतोय, दुसऱ्याच्या मते टेम्प्लेट (पानाचा साचा) फुगलंय, तिसरा म्हणतो कॅशे (एकदा तयार झालेलं साठवून पुन्हा वापरणं) लावा आणि मोकळे व्हा. कॅशेला मी सध्या हात लावू देणार नाही. आत काय घडतंय हे कळायच्या आधी कॅशे लावला, की ते नंतरही कळत नाही.

म्हणून आधी डीबग टूलबार, म्हणजे पान बनताना आत काय काय घडलं ते पानाच्या कडेलाच दाखवणारी पट्टी. ॲप जँगोवर (पायथनमध्ये वेब ॲप बांधायची चौकट), डेटाबेस पोस्टग्रेस. आम्ही दोघं डॉकरमध्ये काम करतो (ॲप कंटेनर नावाच्या वेगळ्या, बंद कप्प्यात चालतं), तिसरी सहकारी थेट विंडोजवर. जँगो डीबग टूलबार जुना आणि मुरलेला आहे. रॉब हडसनने तो ऑगस्ट २००८ मध्ये सुरू केला, म्हणजे जँगोची १.० आवृत्ती सप्टेंबर २००८ मध्ये आली त्याच्याही आधी.

आज झालेलं काम: पॅकेज फक्त विकासाच्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये घातलं, मुख्य फाइलमध्ये नाही. इन्स्टॉल्ड ॲप्सच्या यादीत टूलबारचं नाव टाकलं. स्टॅटिक फाइल्सचं ॲप आधीपासून होतं, टेम्प्लेटच्या सेटिंगमध्ये 'ॲप डर्स' चालू होतं, या दोन्ही गोष्टी टूलबारला लागतात. यूआरएलमध्ये टूलबारचे रस्ते जोडले. 'इंटर्नल आयपीज' या यादीत १२७.०.०.१ हा स्वतःच्याच मशीनचा पत्ता लिहिला.

मिडलवेअर म्हणजे प्रत्येक विनंती आणि उत्तर ज्यातून जातं तो मधला थर. त्याच्या जागेबद्दल थोडं सविस्तर लिहून ठेवतो, कारण हे पुढे कोणीतरी नक्की हलवणार. टूलबारचं मिडलवेअर यादीत शक्य तितकं वर हवं, पण जीझिपच्या मिडलवेअरच्या खाली. विनंती यादीतून वरून खाली जाते आणि उत्तर खालून वर येतं. टूलबार आपला मजकूर तयार एचटीएमएलमध्ये घुसवतो, त्यामुळे उत्तर दाबून लहान होण्याआधी ते त्याच्या हाती लागायला हवं. दाबलेल्या उत्तरात तो काहीच घालू शकत नाही, तसं उत्तर दिसलं की ते जसंच्या तसं पुढे सोडतो.

सर्व्हर चालू केला. पान उघडलं. टूलबार नाही. लॉगमध्ये चूक नाही, इशारा नाही, काहीच नाही.

३ जून

टूलबार दिसण्यासाठी ज्या अटी आहेत त्यातली एक जरी हुकली तरी तो काही न बोलता बाजूला होतो. उत्पादनावर, म्हणजे लोक वापरतात त्या खऱ्या सर्व्हरवर, हे योग्यच आहे, पण बसवणाऱ्याचा जीव त्यात जातो. म्हणून अटी एकामागून एक तपासल्या.

पहिली अट डीबग चालू असणं. होतं. दुसरी, विनंती करणाऱ्याचा पत्ता 'इंटर्नल आयपीज'मध्ये असणं. इथेच अडलं होतं. ब्राउझर माझ्याच मशीनवर असला तरी ॲप कंटेनरमध्ये चालतं, आणि कंटेनरला विनंती येते ती डॉकरच्या अंतर्गत नेटवर्कच्या गेटवेकडून. व्ह्यूमध्ये (पान तयार करणाऱ्या कोडमध्ये) 'रिमोट ॲड्रेस' छापून बघितला तर १७२.१८.०.१ आला.

तोच पत्ता यादीत लिहून टाकणं हा सोपा मार्ग, पण टिकणारा नाही. डॉकरचं कंपोज प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळं नेटवर्क उभं करतं आणि मधला आकडा मशीनगणिक बदलू शकतो. माझ्याकडे १८ असेल, शेजारच्याकडे १९. त्यापेक्षा कंटेनरने स्वतःचा पत्ता शोधावा, शेवटचा आकडा काढून तिथे १ ठेवावा आणि तो यादीत घालावा. सेटिंग फाइलमध्ये तीन ओळी. टूलबारच्या नव्या आवृत्त्यांमध्ये यासाठी तयार फंक्शनही आलंय, टूलबार दाखवायचा की नाही हे ठरवणाऱ्या 'शो टूलबार कॉलबॅक' या सेटिंगमध्ये त्याचं नाव दिलं की झालं. आम्ही तेच घेतलं.

याच कॉलबॅकमध्ये 'नेहमी हो' असं उत्तर देणारी एक ओळ टाकून बरेच जण सुटका करून घेतात. आमच्याकडे ती येऊ देऊ नये. टूलबारचा स्वतःचा कॉलबॅक डीबग आणि पत्ता दोन्ही तपासतो. 'नेहमी हो' म्हटलं की दोन्ही कुलपं एका झटक्यात निघतात आणि ती ओळ कधीतरी नको त्या सर्व्हरवर पोचते.

दुपारी पानाच्या उजव्या बाजूला पट्टी उगवली.

५ जून

विंडोजवर वेगळाच प्रकार. तिथे पत्त्याचा प्रश्नच नाही, डॉकर नाही. पानाचा सोर्स बघितला तर टूलबारचं एचटीएमएल आहे, पण पडद्यावर काही नाही. म्हणजे सर्व्हरने आपलं काम केलं होतं, अडचण ब्राउझरमध्ये होती. कन्सोल उघडल्यावर कळलं: टूलबारची जावास्क्रिप्ट फाइल 'साधा मजकूर' या प्रकाराने येत होती आणि मॉड्यूल म्हणून चालवायला ब्राउझरने नकार दिला होता. टूलबारची पट्टी सुरुवातीला लपवलेली असते, स्क्रिप्ट चालली तरच उघडते.

कारण विंडोजच्या रजिस्ट्रीत आहे. पायथन फाइलचा प्रकार ठरवताना तिथल्या नोंदी वाचतो, आणि एखाद्या प्रोग्रामने तिथे जेएस या शेपटीपुढे साधा मजकूर लिहून ठेवला असेल तर पायथन तेच खरं मानतो. विकासाच्या सेटिंगमध्ये 'माइमटाइप्स' वापरून जेएसचा योग्य प्रकार सांगणारी एक ओळ घातली. रजिस्ट्रीला हात लावला नाही. सेटिंगमधली ओळ सगळ्यांपर्यंत जाते, एका मशीनवरची दुरुस्ती त्या मशीनसोबतच राहते.

ब्राउझरचा कॅशे साफ करायला लागला, ते वेगळं.

९ जून

दोन किरकोळ गोष्टी, दोन्ही लिहून ठेवण्यासारख्या.

छापील अहवालाच्या पानावर टूलबार येत नव्हता, बाकी सगळीकडे येत होता. त्या पानाचं टेम्प्लेट मूळ सांगाड्यावर बेतलेलं नाही, स्वतंत्र आहे, आणि त्यात बॉडीचा बंद टॅग लिहिलेलाच नाही. एचटीएमएलच्या नियमांनुसार तो वगळता येतो, ब्राउझर कुरकुर करत नाही. पण टूलबार आपला मजकूर नेमका त्याच टॅगच्या आधी घालतो. टॅग नाही तर जागा नाही. टॅग घातला.

दुसरं, टेस्ट चालवल्या आणि सगळ्या लाल, म्हणजे नापास. टेस्ट चालताना जँगो डीबग बंद करतो, सेटिंग फाइलमध्ये काहीही लिहिलेलं असो. टूलबारचे रस्ते डीबग बंद असताना जोडले जात नाहीत, मग मिडलवेअर कुठेतरी जागं झालं की 'डीजेडीटी नावाची नेमस्पेस नोंदलेली नाही' अशी तक्रार येते. या गोंधळाला आळा घालायला टूलबारने स्वतःची तपासणी ठेवली आहे, ती टेस्टच्या सुरुवातीलाच अडवते. उपाय सरळ: टेस्टची आज्ञा चालू आहे का ते बघायचं, आणि असेल तर टूलबारचं ॲप आणि मिडलवेअर दोन्ही यादीत घालायचंच नाही.

१० जून

आज पहिल्यांदा ज्यासाठी हे सगळं चाललंय ते पान उघडलं. एसक्यूएल पॅनेल: १४२ क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे गेलेल्या मागण्या. पन्नास तक्रारींच्या एका पानासाठी.

आकडा मोठा आहे हे दिसतंच, पण तो कसा बनला हे जुळवून पाहिलं, कारण जुळणी लागली नाही तर दुरुस्ती अंदाजपंचे होते. लॉगिनचं सेशन वाचायला १, वापरकर्ता आणायला १, पानांची संख्या काढण्यासाठी एकूण तक्रारी मोजायला १, खुद्द यादीला १. या चार न चुकणाऱ्या. पुढे प्रत्येक ओळीत विभागाचं नाव, जबाबदार कर्मचारी आणि शेवटच्या टिप्पणीची तारीख दिसते. तिन्हींसाठी वेगळी क्वेरी धरली तर पन्नास ओळींच्या १५०, एकूण १५४ यायला हव्या होत्या. बारा कमी आल्या.

त्या बारा शोधायला थोडा वेळ गेला, पण उत्तर साधं निघालं. पहिल्या पानावरच्या १२ तक्रारी अजून कोणाकडेच सोपवलेल्या नाहीत. कर्मचाऱ्याचा रकाना रिकामा असेल तर जँगो डेटाबेसकडे जातच नाही. म्हणजे ५० विभागांच्या, ३८ कर्मचाऱ्यांच्या, ५० टिप्पण्यांच्या आणि वरच्या ४. हिशेब लागला.

पॅनेलच्या माथ्यावर 'सारख्या' आणि 'दुहेरी' असे दोन आकडे येतात, त्यांतला फरक कामाचा आहे. सारख्या म्हणजे क्वेरीचा साचा तोच, आतली किंमत वेगळी. दुहेरी म्हणजे किंमतही तीच. विभागांच्या पन्नासही क्वेरी दुहेरी होत्या, कारण विभाग मोजके आणि तेच ते पुन्हा येतात. जँगो एका तक्रारीसाठी आणलेला विभाग दुसऱ्या तक्रारीसाठी लक्षात ठेवत नाही. पन्नास तक्रारी म्हणजे पन्नास स्वतंत्र वस्तू, प्रत्येक आपापला विभाग विचारायला जाते. टिप्पण्यांच्या मात्र नुसत्या सारख्या, दुहेरी नाहीत. त्यांच्यात प्रत्येक वेळी तक्रारीचा क्रमांक बदलतो.

जाता जाता: एक एक नोंद आणणाऱ्या या क्वेरींच्या शेवटी 'लिमिट २१' दिसतं आणि नवा माणूस हमखास विचारतो, एकच नोंद हवी तर २१ कशाला? एकापेक्षा जास्त नोंदी सापडल्या तर जँगोला चूक झाल्याचा संदेश द्यायचा असतो, त्यात किती सापडल्या हेही सांगायचं असतं. वीसपर्यंत मोजून सांगतो, त्यापुढे 'वीसहून अधिक'. आमच्या पानाशी याचा काही संबंध नाही.

प्रत्येक क्वेरीपुढचं अधिकचं चिन्ह (+) दाबलं की ती कुठून निघाली तो माग दिसतो, थेट टेम्प्लेटच्या ओळीपर्यंत. या एका सोयीसाठीसुद्धा टूलबार बसवावा. नुसत्या क्वेरी लॉगमध्येही छापता येतात, पण तिथे कोण विचारतंय ते कळत नाही.

१२ जून

विभाग आणि कर्मचारी हे दोन्ही परकी किल्लीने (दुसऱ्या तक्त्यातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या रकान्याने) जोडलेले, त्यामुळे जोडलेली नोंद त्याच क्वेरीत आणणारं 'सिलेक्ट रिलेटेड' पुरेसं. पण नावं स्पष्ट द्यायची. कंसात काही न लिहिता वापरलं तर जँगो रिकामे राहू शकणारे रकाने सोडून देतो, म्हणजे आमचा कर्मचारी तसाच राहिला असता. नाव दिलं की डावा जॉइन (जोडीची नोंद नसली तरी ओळ राखणारी जोडणी) लागतो आणि सोपवलेल्या, न सोपवलेल्या दोन्ही तक्रारी व्यवस्थित येतात. १४२ वरून ५४.

उरल्या पन्नास टिप्पण्यांच्या. इथे टीममधून लगेच 'प्रीफेच रिलेटेड' लावा असं आलं. लावलं, आणि आकडा ५५ झाला. वाढला!

हे टूलबार नसता तर कोणाला कळलंच नसतं, कारण कोड वाचताना सगळं बरोबर दिसतं. तक्रारीच्या मॉडेलवर (तक्त्याचं कोडमधलं रूप) 'शेवटची टिप्पणी' नावाची प्रॉपर्टी आहे, ती टिप्पण्या तारखेने उलट्या लावून पहिली उचलते. प्रीफेचने सगळ्या टिप्पण्या एका क्वेरीत आणून ठेवल्या, पण उलट क्रम लावायला सांगितला की जँगोच्या दृष्टीने ती नवी मागणी होते. आणून ठेवलेला साठा फक्त 'सगळे द्या' म्हटलं तरच वापरला जातो. गाळणी लावली, क्रम बदलला, की परत डेटाबेसकडे. त्यामुळे जुन्या पन्नास होत्याच, वर प्रीफेचची एक आणखी.

प्रीफेच तसाच ठेवून क्रम पायथनमध्ये लावता आला असता. नको वाटलं. काही तक्रारींवर टिप्पण्यांची लांबच लांब रांग आहे आणि आम्हाला हवी आहे फक्त एक तारीख. त्या एका तारखेसाठी सगळ्या टिप्पण्यांचा मजकूर स्मृतीत ओढायचा हे पटत नाही. यादीच्या क्वेरीतच सबक्वेरी घालून तारीख 'ॲनोटेट' केली, म्हणजे प्रत्येक ओळीला जोडून घेतली. प्रॉपर्टी बाजूला ठेवली, तपशिलाच्या पानावर ती ठीक आहे.

आता ४. सेशन, वापरकर्ता, मोजणी, यादी. जँगो ४.२ पासून मोजणीच्या क्वेरीतून न लागणाऱ्या ॲनोटेशन गाळल्या जातात, त्यामुळे सबक्वेरीचा भार मोजणीवर पडत नाही. पॅनेलमध्ये क्वेरी उघडून तेही पाहिलं, खरंच नाहीये.

शेलमध्ये (आज्ञा टाइप करून कोड चालवायच्या खिडकीत) हेच पुन्हा करून बघायचं असेल तर टूलबारसोबत 'डीबगएसक्यूएलशेल' नावाची आज्ञा येते. नेहमीचंच शेल, फक्त प्रत्येक ओळीमागून कोणती क्वेरी गेली ती छापतं. सर्व्हर, ब्राउझर, लॉगिन यातलं काही लागत नाही.

१६ जून

आज चर्चा वेळेवरून. 'पान आधी इतक्या सेकंदांत येत होतं, आता इतक्या' असा टूलबारमधला आकडा अहवालात टाकायचा होता. मी विरोध केला आणि का ते इथे लिहितो, कारण पुन्हा निघणार.

टूलबारचा वेळ हा टूलबारसकटचा वेळ आहे. प्रत्येक क्वेरीमागे तो माग गोळा करतो, प्रत्येक टेम्प्लेटचा संदर्भ टिपून ठेवतो, सिग्नल (ॲपमध्ये काही घडल्याची आतली सूचना), कॅशे सगळ्यांवर नजर ठेवतो. क्वेरी जितक्या जास्त तितका हा खर्चही जास्त. म्हणजे आधीचा आकडा जितका वाईट दिसतो तितका तो मुळात नसतो, आणि सुधारणा फुगून दिसते. माग गोळा करणारं 'एनेबल स्टॅकट्रेसेस' बंद करून तेच पान परत उघडलं तर एकूण वेळ लगेच खाली आला, कोडमध्ये काहीही न बदलता.

उलट दिशेनेही फसगत आहे. विकासाच्या मशीनवर ॲप आणि डेटाबेस शेजारी शेजारी, क्वेरी जाऊन यायला जवळपास काहीच लागत नाही. उत्पादनावर दोघं वेगळ्या मशीनवर. तिथे एका फेरीला नुसता १ मिलिसेकंद धरला तरी १४२ फेऱ्यांचे १४२ मिलिसेकंद वाटेतच जातात, डेटाबेसने काम सुरू करण्याआधी. माझ्या मशीनवर टूलबार हे दाखवूच शकत नाही.

क्वेरींची संख्या मात्र माझ्याकडे ४ असेल तर तिकडेही ४. मोजणीवर विश्वास ठेवायचा, वेळेवर नाही. वेळ हवा असेल तर टूलबार बंद करून, उत्पादनासारख्या ठिकाणी मोजायचा. अहवालात १४२ आणि ४ एवढेच आकडे गेले.

१८ जून

पॅनेलवर टिचकी मारली की अधूनमधून 'या पॅनेलचा डेटा आता उपलब्ध नाही, पान पुन्हा लोड करा' असं येतं. आधी वाटलं सर्व्हर मध्येच परत सुरू होतोय. तसं नव्हतं.

टूलबार पॅनेलचा मजकूर पानात भरत नाही, सर्व्हरच्या स्मृतीत ठेवतो आणि मागितल्यावर देतो. ठेवतो फक्त शेवटच्या २५ विनंत्यांचा. आमच्या पानावरची घंटा दर १० सेकंदांनी नव्या सूचना आहेत का ते विचारते, आणि तीही विनंतीच. २५० सेकंद, म्हणजे साधारण चार मिनिटांत, घंटेच्या विनंत्यांनी मूळ पानाची जागा घेतलेली असते. मधे चहा प्यायला उठलं की माल गायब.

'रिझल्ट्स कॅशे साइझ' वाढवता येतो, पण स्मृतीत घंटेचाच कचरा साठवण्यात अर्थ नाही. कॉलबॅक विनंती बघूनच निर्णय घेतो, तेव्हा घंटेच्या रस्त्याला 'नाही' असं उत्तर द्यायचं. तयार फंक्शनभोवती आमचं छोटं फंक्शन गुंडाळलं. आता हिस्टरी पॅनेलही वाचण्यासारखं झालंय.

हिस्टरीचा खरा उपयोग अर्ज जतन करताना. तक्रार जतन केली की सर्व्हर दुसऱ्या पानावर पाठवतो, आणि पट्टी दिसते ती त्या दुसऱ्या पानाची. जतन करताना काय झालं ते दिसतच नाही. हिस्टरीत मागे जाऊन पोस्टची (अर्ज पाठवणाऱ्या विनंतीची) ओळ निवडली की पॅनेल त्या विनंतीचे होतात. तिथे कळलं की नवी तक्रार आली की विभागातल्या प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी सूचनेची वेगळी इन्सर्ट (नोंद घालणारी क्वेरी) जातेय. 'बल्क क्रिएट' केलं, एका इन्सर्टमध्ये काम झालं. मर्ज करताना एक बघायचं: बल्क क्रिएटने 'पोस्ट सेव्ह' सिग्नल सुटत नाही. सूचनेच्या मॉडेलवर कोणी तो सिग्नल ऐकत नाही याची खात्री सिग्नल पॅनेल आणि कोड दोन्हीकडून करून घेतली.

ईमेल पाठवणारा पार्श्वभूमीतला वर्कर टूलबारला दिसत नाही. ती वेगळी प्रक्रिया, तिथे विनंतीही नाही आणि पानही नाही.

२३ जून

क्वेरी चारच, तरी स्थिती निवडून तारखेने लावलेली यादी उत्पादनावर रेंगाळते. पॅनेलमधलं 'एक्स्प्लेन' दाबलं. पोस्टग्रेससाठी टूलबार 'एक्स्प्लेन ॲनलाइझ' चालवतो, म्हणजे योजना नुसती सांगत नाही, क्वेरी खरोखर चालवून मोजतो. हे बटण फक्त सिलेक्टसाठी (डेटा वाचणाऱ्या क्वेरीसाठी) मिळतं, त्यामुळे काळजी नाही.

माझ्या मशीनवर 'सीक्वेन्शियल स्कॅन' आला. यावरून काहीच ठरवू नये. तक्ता छोटा असेल तर इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) असूनही पोस्टग्रेस सगळा तक्ताच वाचतो, तेच स्वस्त पडतं. खोट्या २ लाख तक्रारी भरल्या, 'ॲनलाइझ' करून आकडेवारी ताजी केली, मग परत पाहिलं. तरीही पूर्ण स्कॅन आणि वर सॉर्ट. स्थिती आणि उलटी तारीख असा एकत्र इंडेक्स मायग्रेशनने (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइलने) घातला. आता इंडेक्स स्कॅन, सॉर्ट गेला, पन्नास ओळी मिळाल्या की थांबतो. मोजणीची क्वेरी मात्र तशीच जड आहे. जुळणाऱ्या सगळ्या नोंदी मोजल्याशिवाय संख्या मिळत नाही, तिथे पहिल्या पन्नासवर थांबायची सोय नाही.

संध्याकाळी कोडच्या कोणत्या भागात किती वेळ जातो ते दाखवणारं प्रोफायलिंग पॅनेल चालू केलं, ते मुळात बंद असतं. पायथन ३.१२ पासून 'रनसर्व्हर'ला 'नोथ्रेडिंग' द्यावं लागतं, नाहीतर 'दुसरा प्रोफायलर आधीच चालू आहे' अशी चूक येते. दिसलं ते असं: तक्रारीचं पूर्ण वर्णन मार्कडाउनमधून (साध्या खुणांनी मजकूर सजवायच्या पद्धतीतून) एचटीएमएल होतं आणि नंतर त्यातले पहिले काही शब्द ठेवून बाकी फेकले जातात. पन्नास ओळींसाठी पन्नास वेळा. सारांश जतन करतानाच काढून वेगळ्या रकान्यात ठेवायचा, असं ठरलं. पॅनेल परत बंद केलं, चालू राहिलं तर सगळंच मंद होतं.

२५ जून

चाचणी सर्व्हरवरही टूलबार चालू करा, अशी मागणी आली. तिथला डेटा खऱ्यासारखा आहे, त्यामुळे मागणी समजते. नाही म्हटलं.

तो सर्व्हर बाहेरून उघडतो. टूलबार दिसायला तिथे डीबग चालू ठेवावा लागेल, आणि मग कुठल्याही चुकीवर आतला कोड पाहुण्याला दिसेल. सेटिंग पॅनेल गुपितं झाकतं, पण नाव बघून. सेटिंगच्या नावात 'पास', 'की', 'सीक्रेट', 'टोकन' असं काही असेल तर तारका येतात. आमच्याकडे मेल सर्व्हरचा दुवा पासवर्डसकट एका साध्या नावाच्या सेटिंगमध्ये आहे, तो उघडाच दिसतो. शिवाय टूलबारमध्ये स्वतःची भोकं कधी नव्हतीच असंही नाही. सीव्हीई-२०२१-३०४५९ या क्रमांकाने नोंदलेल्या सुरक्षेच्या त्रुटीमध्ये एसक्यूएल पॅनेलच्या फॉर्ममधून डेटाबेसवर हवी ती क्वेरी चालवता येत होती. ती दुरुस्ती ३.२.१, २.२.१ आणि १.११.१ या आवृत्त्यांत आली.

त्याऐवजी खऱ्यासारख्या डेटाची नावं-पत्ते पुसलेली प्रत विकासाच्या मशीनवर उतरवून घ्यायची.

यादीच्या पानासाठी टेस्ट लिहिली, 'असर्ट नम क्वेरीज' ४, म्हणजे क्वेरी बरोबर चारच हव्यात. टेस्टमध्ये डीबग बंद असलं तरी हे चालतं, मोजणीपुरता जँगो क्वेरींची नोंद जबरदस्तीने चालू करतो. टेस्टमध्ये तक्रारी दहा ठेवल्या, प्रत्येकीला वेगळा विभाग, वेगळा कर्मचारी आणि किमान दोन टिप्पण्या. कर्मचारी रिकामा ठेवला तर त्या बाजूची वाढ टेस्टला दिसणारच नाही, १० तारखेच्या त्या बारा तक्रारींसारखी.

उरलेलं: मेलच्या दुव्यातून पासवर्ड वेगळा काढणं, सारांशाच्या रकान्याचं मायग्रेशन, आणि मोजणीची क्वेरी. तिच्यासाठी 'पुढचं पान, मागचं पान' एवढंच ठेवून एकूण संख्या काढूनच टाकावी असं माझं मत आहे. ते पान रोज वापरणाऱ्यांना विचारल्याशिवाय करत नाही.